बालहत्या प्रतिबंधक गृह ते ‘दहा-नऊ-आठ’

महाराष्ट्रात मुलांच्या संरक्षणाचा सार्वजनिक विचार सुरू झाला तो विधवेच्या पोटी जन्मणाऱ्या अर्भकापासून. त्याआधी मूल हा घरचा मामला होता. धर्मशास्त्राने भ्रूणहत्येला महापाप मानले होते, प्रायश्चित्तेही सांगितली होती. पण ती पाप करणाऱ्याच्या शुद्धीसाठी होती. जन्मलेल्या जिवाला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा येत नसे.

इंग्रजी सरकारच्या कागदपत्रांत ‘बालहत्या’ हा विषय मुंबई इलाख्याच्या दुसऱ्या टोकाकडून आला. काठेवाडातील जाडेजा राजपुतांमध्ये मुलगी जन्मताच मारण्याची चाल होती. जोनाथन डंकन मुंबईचा गव्हर्नर असताना कर्नल अलेक्झांडर वॉकरने १८०८ च्या सुमारास तेथील सरदारांकडून ही चाल सोडण्याचे करार लिहून घेतले. करार झाले, चाल मात्र पुढे कित्येक दशके चालू राहिली. अखेर १८७० मध्ये मुलींच्या हत्येविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. शपथपत्रावर सही घेऊन घरातली हिंसा थांबत नाही, हा धडा सरकारला तेव्हाच मिळाला होता. पुढच्या दीडशे वर्षांत तो पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

पुण्यातील प्रश्न वेगळा होता. उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत, नवरा गेला की केशवपन होई आणि पुनर्विवाहाची वाट बंद असे. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा कागदावर होता, समाजात नव्हता. घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाकडून अशा विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे गावठी औषधे, विहीर किंवा काशीयात्रा एवढेच मार्ग उरत. १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेने त्यात तुरुंगाची भर घातली. बारा वर्षांखालील मूल टाकून देणाऱ्या आईबापाला सात वर्षांपर्यंत आणि मूल गुपचूप पुरून जन्म लपवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठरली. मूल टाकणे गुन्हा झाला, पण ते ठेवायचे कोठे याची सोय कायद्याने केली नाही.

जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी सरकारला पाठवलेल्या टिपणात एक हकीकत नोंदवली आहे. त्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्मले, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्याचा जीव घेऊन ते विहिरीत टाकले. खटला चालून तिला अंदमानात जन्मठेपेची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांचे नाव आरोपींत नव्हते. या घटनेनंतर १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्याची जाहिरात करणारी पत्रके लावली.

हे पत्रक लावणे हेच त्या कामातले सर्वांत धाडसाचे पाऊल म्हटले पाहिजे. गुपचूप बाळंतपणे पुण्यात आधीही होत असतील. ती होतात हे भिंतीवर लिहून चिकटवण्याची हिंमत कोणी केली नव्हती. येणाऱ्या बाईने नाव सांगण्याची गरज नव्हती. बाळंतपण झाल्यावर मूल घेऊन जायचे की मागे ठेवायचे हे तिने ठरवायचे, आणि ठेवले तर त्याचा सांभाळ गृहाने करायचा. सावित्रीबाई स्वतः बाळंतिणींची शुश्रूषा करीत. त्याच टिपणात फुल्यांनी आकडेही दिले आहेत. तोवर पस्तीस ब्राह्मण विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या, पण त्यांची पाचच मुले जगली. उरलेली तीस दगावली, कारण दिवस लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे गर्भाला बाधली होती. पस्तिसात पाच हा हिशेब निराश करणारा आहे. फुल्यांनी तो लपवला नाही, आणि त्यामुळेच त्या टिपणाला पुराव्याचे मोल आहे. १८७४ मध्ये अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर रुग्णसेवेत उतरला.

पंढरपुरात हेच काम न्यायखात्यातल्या एका माणसाने केले. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ तेथे न्यायाधीश होते. यात्रेच्या निमित्ताने दूरदूरच्या विधवा येथे येत, मागे टाकलेली अर्भके सापडत आणि प्रकरणे त्यांच्याच कचेरीत येत. १८७५ मध्ये त्यांनी बालकाश्रम सुरू केला. त्याची व्यवस्था मुंबईच्या प्रार्थना समाजाने सांभाळली. पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागलेला हा आश्रम फुल्यांच्या गृहापेक्षा कितीतरी अधिक टिकला, कारण त्याच्यामागे एका घराऐवजी एक संस्था उभी होती.

१८८१ मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. वृत्तपत्रांत बराच गदारोळ झाला. शिक्षा आधी काळ्या पाण्याची आणि नंतर पाच वर्षांची झाली. त्या गदारोळात विधवांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या साऱ्या वादात मूल मध्यभागी नाही. सुधारक विधवेची बाजू मांडत होते, सनातनी अब्रूची. मुलाला स्वतःची बाजू असते हे अजून कोणी म्हणत नव्हते.

मुलाच्या शरीरावर होणाऱ्या हिंसेची उघड चर्चा संमतिवयाच्या वादात प्रथम झाली. त्याची पूर्वपीठिका मुंबईतली आहे. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झाले होते, पण ती सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढली. दादाजीने १८८४ मध्ये तिला नांदायला आणण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय तिच्यापुढे ठेवला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने आलेली पत्रे तिचीच होती. बालविवाहाने मुलीची शाळा कशी सुटते, हे जिच्यावर गुदरले तिनेच लिहिल्यामुळे त्या पत्रांचा परिणाम मोठा झाला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत व राजकोटला तिने अनेक वर्षे काम केले.

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहून सरकारच्या कानी हा विषय घातलाच होता. ठिणगी पडली कलकत्त्यात. १८९० मध्ये फुलमणी दासी ही अकराएक वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधात रक्तस्रावाने मेली. दंडसंहितेप्रमाणे पत्नीचे वय दहाच्या वर असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागत नसे, म्हणून त्याला केवळ इजा केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. स्त्री डॉक्टरांनी अशाच जखमी मुलींची प्रकरणे नोंदवून सरकारकडे निवेदन दिले. वेद-स्मृतींच्या वचनांनी लढवल्या जाणाऱ्या या वादात ते कागद फार वेगळे होते, कारण त्यात मुलीचे वय आणि तिला झालेली इजा यांखेरीज काही नव्हते.

महाराष्ट्रात वाद पेटला तो मात्र वचनांवर आणि सरकारच्या अधिकारावर. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधार देऊन संमतिवय वाढवण्याच्या विधेयकाचे समर्थन केले, काशीनाथ त्र्यंबक तेलंगही बाजूने होते, आगरकरांचा ‘सुधारक’ सडेतोड लिहीत होता. लोकमान्य टिळकांनी विरोध केला. टिळकांना बालविवाह प्रिय होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, अशी स्वखुशीने पाळायची कलमे त्यांनीच १८९० मध्ये सुचवली होती. परक्या सरकारने कायद्याने घरात शिरू नये, हा त्यांचा मुद्दा होता. पण स्वखुशीची कलमे पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि पुण्यात क्रीडाभुवनातली सुधारकांची सभा उधळली गेली. मार्च १८९१ मध्ये कायदा होऊन संमतिवय दहावरून बारावर गेले. फक्त दोन वर्षांची वाढ, आणि त्यासाठी एवढे रण माजले.

हा धागा पुढे फार हळूहळू सरकला. १९२५ मध्ये विवाहित मुलीसाठी वय तेरा झाले. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि १९२९ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे सारडा कायदा, संमत झाला. त्याने मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली. १९४९ मध्ये विवाहित मुलीसाठीचे संमतिवय पंधरा झाले आणि तेथेच अडकले. अठराखालील पत्नीलाही संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ठरवले. फुलमणीच्या मृत्यूला तेव्हा १२७ वर्षे झाली होती.

गिरणीतल्या मुलांची कथा थोडक्यात सांगता येते. मुंबईच्या कापड गिरण्यांत सहा-सात वर्षांची पोरे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा केला. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर, १८९१ मध्ये, किमान वय नऊ आणि कामाचे तास सात झाले. या कायद्यांमागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. मुंबईचा स्वस्त माल त्यांना खुपत होता. हेतू शुद्ध नसला तरी मुलांचे तास कमी झाले, हे मान्य करावे लागते.

रस्त्यावरच्या मुलाकडे सरकारने आधी गुन्हेगार म्हणूनच पाहिले. १८५० च्या कायद्याने किरकोळ चोरी करणाऱ्या मुलांना तुरुंगाऐवजी धंदा शिकायला उमेदवारीवर ठेवण्याची मुभा दिली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ पासून चालणारी औद्योगिक सुधारशाळा या विचाराची. पुढे १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळा कायदे आले. ज्या मुलाने काहीच केले नाही, जे नुसते टाकलेले, पळालेले किंवा मार खाऊन घराबाहेर पडलेले आहे, त्याला या चौकटीत जागा नव्हती. मदतीला पात्र होण्यासाठी त्याने आधी चोरी करावी, असा हा उफराटा कारभार होता.

तो बदलला १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्याने. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची शिफारस केली होती. मद्रासने १९२० मध्ये आणि बंगालने १९२२ मध्ये कायदे केले, त्यानंतर मुंबईचा नंबर लागला. चौदाखालील ‘मूल’ आणि सोळाखालील ‘तरुण’ अशी फोड करून गुन्हा न केलेल्या निराधार मुलालाही न्यायालयासमोर संरक्षणासाठी आणता येईल अशी व्यवस्था झाली. १९२७ मध्ये मुंबईत बालन्यायालय सुरू झाले आणि मुले ठेवण्यासाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीतील उमरखाडीचे तिचे रिमांड होम साऱ्या मुंबईला ठाऊक झाले, पुढे मानखुर्दला मोठे बालगृह उभे राहिले. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाल्यावर या संस्थांना शिकलेले कार्यकर्ते मिळू लागले. १९४८ च्या सुधारित कायद्यात मुलाला क्रूरपणे वागवणे, भीक मागायला लावणे, दारू देणे हे स्वतंत्र गुन्हे मांडले गेले.

कायद्याची भाषा संरक्षणाची असली तरी लोकांच्या मनात रिमांड होम म्हणजे पोरांचा तुरुंगच राहिला. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत मस्तीखोर पोराला आजही ऐकू येते. उंच भिंती, कुलूपबंद दारे, एकाच खोलीत हरवलेले मूल आणि चाकू चालवलेला मुलगा: ही अवस्था पाहता लोकांची समजूत अगदीच खोटी म्हणता येत नाही. अनेक जिल्ह्यांत तर रिमांड होमही नव्हते. मुले थेट तुरुंगात जात. शीला बर्से या मुंबईच्या पत्रकार हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांऐवजी संसदेने एकच कायदा करावा, असे सुचवले. त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्याने ते साधले. २००० आणि २०१५ मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि बालकल्याण समिती हा शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला.

शाळेतला मार हा विषय मात्र फार काळ कोणालाच विषय वाटला नाही. पंतोजीची छडी, कोंबडा, अंगठे धरून ओणवे उभे करणे हे शिक्षणाचेच अंग समजले जाई. दंडसंहितेचे ८९ वे कलम बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीला संरक्षण देत असे. छडी उगारणाऱ्या मास्तराला त्या कलमाचा आडोसा मिळे. याविरुद्धचा मराठीतला पहिला सुसंगत विचार ताराबाई मोडक यांनी मांडला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना शिक्षा आणि बक्षीस दोन्ही नसलेली शाळा त्यांनी चालवून पाहिली होती. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि मराठी ‘शिक्षणपत्रिके’तून त्या आईबापांशी बोलत राहिल्या. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे राखणाऱ्या वारली मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाला मारून शिकवता येत नाही, ही गोष्ट तेथे रोज दिसत होती. सरकारी शाळांपर्यंत ती पोहोचायला शिक्षणहक्क कायदा यावा लागला. २००९ च्या त्या कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले.

मुलाने स्वतः मदत मागावी अशी सोयही बराच काळ कोठेच नव्हती. ती जून १९९६ मध्ये मुंबईत झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन ही फोनसेवा सुरू झाली. स्टेशनांवर आणि रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांना रात्री-अपरात्री मार बसला, ताप आला, पोलिसांनी हाकलले तर सांगायचे कोणाला, या प्रश्नातून ती निघाली. १०९८ हा आकडा ‘दहा-नऊ-आठ’ असा उलट मोजत म्हणता येतो, त्यामुळे शाळेत न गेलेल्या पोराच्याही तो ध्यानात राहतो. फोनला पैसे पडत नसत. काही वर्षांत ही सेवा देशभर पसरली. २०२३ पासून ती सरकारने चालवायला घेऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली आहे.

लैंगिक अत्याचाराबद्दल बोलणे सर्वांत शेवटी सुरू झाले. गोव्यात १९९१ मध्ये मडगावच्या एका अनाथालयाच्या चालकाला अटक झाली आणि आश्रयाच्या नावाखाली काय चालले होते ते बाहेर आले. त्या धक्क्यातून घडलेला गोवा बाल कायदा २००३ हा पुढे देशभरासाठी झालेल्या कायद्याच्या नऊ वर्षे पुढे होता. २००७ मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांतील बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेकांनी ही गोष्ट तोवर कोणालाही सांगितली नव्हती. काठेवाडातल्या करारांपासून सरकार ज्या उंबऱ्याशी अडत आले होते, तो उंबरा या पाहणीने ओलांडला.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा देशव्यापी कायदा, म्हणजे पॉक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. अठराखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांना त्याचे संरक्षण आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, पोलिसाने गणवेशात यायचे नाही, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही, या तरतुदी मुलाचा विचार करूनच लिहिलेल्या दिसतात. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला तेव्हा गुन्हा नोंदवायला कित्येक तास लावले गेले आणि संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखून धरली. कायदा कमी पडला नव्हता. तो वापरण्याची जबाबदारी असलेली माणसे कमी पडली.

ही जबाबदारी केवळ पोलिसांची नाही. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्या कोणाला कळेल, त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याने पुरावा जमवण्याची गरज नाही. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर कोणतीही कारवाई होत नाही.